धावपट्टीची हवा आणि आमची गच्ची

लोणखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार
शुक्रवार, दुपार

चिरंजीव जावईबापू भाग्येशराव यांस,

ईश्वर पाटलाचे भीतभीत आशीर्वाद. (सासऱ्याने आशीर्वाद भीतभीत देऊ नयेत हे मला कळतं. पण पुढचं वाचलंत की तुम्हालाही तसेच योग्य वाटतील.) तुमची आणि चेतनाची प्रकृती ठणठणीत असेल. पुण्यात थंडी आहे की नुसते स्वेटर आहेत? इकडे ऊसतोड जोरात आहे, थंडी हाडात शिरते, आणि सकाळचा धूर वर जायचं नाव घेत नाही. धुराचा विषय सहज निघाला असं समजू नका. या पत्रात सहज असं काही नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते, आणि गच्चीवर ते आहे. ते म्हणजे दिवाळीनंतर तुम्ही बसवून गेलात ते हवा मोजायचं यंत्र. त्यात सीमकार्ड आहे असं तुम्हीच सांगितलंत. ज्याच्या पोटात सीमकार्ड आहे ते कुणाशी तरी बोलत असणार, आणि जे बोलतं ते ऐकतही असणार. म्हणून पत्र, तेही खालच्या खोलीत, दार लावून.

तुम्ही तेव्हा मला फार छान समजावलं होतं. आपली धावपट्टी मोठी व्हायची आहे, त्याआधी तिथली हवा आज कशी आहे ते मोजून ठेवायचं. विमानतळाच्या नावावर नुसता विमानाचा धूर लागत नाही. उभ्या विमानाला वीज देणारा जनरेटर, इंधनाचा टँकर, पाहुण्याला सोडायला आलेली रिक्षा, सगळ्यांचा कार्बन धरतात. (पहिल्यांदा ते शिकाऊ विमान उतरलं तेव्हा अर्धा तालुका ट्रॅक्टरवर बसून बघायला आला होता. विमान डबाभर इंधन पिऊन गेलं आणि बघ्यांनी टाक्या रिकाम्या केल्या. तो कार्बन कुणाच्या नावावर घातलात? माझाही ट्रॅक्टर त्यात होता, म्हणून विचारतो.) मग बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही म्हणालात, "मामा, याच्याजवळ तेवढा धूर होऊ देऊ नका. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही." नाडी बांधून तुम्ही गेलात. ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं.

जावईबापू, त्या दिवसापासून या घरात कुणी मोकळा श्वास घेतलेला नाही. मागच्या अंगणातली चूल विझली. ठेच्याच्या मिरच्या शेजारी जालमसिंगकडे भाजून आणतो. बिडी ओढायला मी बांधाच्या पार पलीकडे जातो आणि परत येताना तोंड मिटून येतो. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि त्या यंत्राचा दिवा लुकलुकला की मी जागच्या जागी थिजतो, हातात ओला टॉवेल तसाच. म्हशीच्या ढेकरेतूनही पृथ्वी तापवणारा वायू निघतो असं तुम्ही जेवताना बोलून गेला होतात. दुसऱ्याच दिवशी मी म्हैस वाऱ्याच्या उलट बाजूला बांधली. जालमसिंगला कळलं. तो आता रस्त्यात चारचौघांत ओरडतो, "ईश्वरभाऊ, मन्ही म्हैसले ढेकर येई ऱ्हायना! तुन्हा मशीनले इचारी ले, देवानी का गिळानी!" म्हणजे ढेकर द्यायची की गिळायची, ते म्हणे माझं मशीन ठरवणार. लोक हसतात. मीही हसतो, पण मी आधी गच्चीकडे बघून घेतो.

आणि इतकं सांभाळूनही तुमचा तो फोन आला. रोज सकाळी, नेमक्या त्या शिकाऊ विमानाच्या उडायच्या वेळेला, हवेतले धूलिकण एकदम आभाळाला भिडतात म्हणून. तुमच्या कंपनीने दोष विमानावर ठेवला आणि विमान बंद झालं. विमान शिकणारी पोरं हल्ली बाजेवर बसून पत्ते कुटतात. विमान बंद, तरी धूलिकण रोज सकाळी हजर! तुमचा आवाज इतका बारीक मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. "मामा, माझ्या आकड्यांवर विमान थांबवलं, आणि आता माझेच आकडे खोटे पडतायत. महिनाअखेरीला आमच्या वरिष्ठ फाल्गुनी मॅडम स्वतः येतायत. मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच ठरवणार."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या सुमाराला मी भिंतीला धरून जिना चढलो. (चोर पकडायला जाणारा माणूस छाती काढून चढतो. मी चोरासारखा चढलो.) शेवटच्या पायरीवरून डोकं वर काढलं. यंत्राला हळदकुंकू. हवा ओढून घेणाऱ्या त्या नळीला झेंडूची माळ. नळीच्या बरोबर खाली उदबत्त्यांचा अख्खा जुडगा, शेजारी निखाऱ्यावर गुग्गुळ. आणि समोर, डोळे मिटून, हात जोडून, तुमच्या सासूबाई, आमच्या मंगलाबाई. मागे गल्लीतल्या तुळशीबाई, हातात कापराची डबी. नातवाचं पोलीस भरतीत नाव यावं म्हणून आलेली. यंत्राचा दिवा लालभडक झाला. मी मेलो. मंगलाबाईंनी मात्र डोळे उघडले, दिवा पाहिला, समाधानाने जोडलेले हात कपाळाला टेकवले. जावईबापू, लाल दिवा लागला की तिला वाटतं कौल मिळाला! दिवा लाल होईपर्यंत ती धूप घालत राहते.

मी कुजबुजलो, "अवं, हाई काय लावेल शे?"

"हळू बोला. जावईबापूनी नोकरी यान्हा हातमा शे. यान्हापुढे उदबत्ती नही लावू ते कोन्हापुढे लावू?"

"त्यासनी सांगेल व्हतं ना, धूर करानं नही म्हनीसन?"

"तो चुल्हाना धूर. हाऊ देवना शे."

तेवढ्यात तुळशीबाई म्हणाल्या, "वहिनी, आते कापूर लावू का?" आणि लावला.

म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवसापासून हे रोज चालू आहे. (मी कपड्यांच्या दोरीपलीकडे, यंत्राजवळ जायची कधी छातीच केली नाही, म्हणून मला दिसलं नाही.) वेळ विमानाच्या वेळेशी जुळते, कारण वैमानिक आणि मंगलाबाई दोघंही सूर्य वर यायची वाट बघतात. एवढ्यावर एक विमान तुरुंगात गेलं. खरं सांगावं तर पुण्यात तुम्हाला हसतील, साहेबांनी यंत्र सासुरवाडीला बसवलं आणि सासूबाईंनी त्याचा देव केला म्हणून. आणि त्या हसण्यात नोकरी जाईल. गप्प राहावं तर ते बिचारं विमान निष्कारण बदनाम, आणि मॅडम गच्चीवर आल्यावर नोकरी जायची ती जाईलच. मला झोप नाही. पण तुम्ही काळजी करू नका. मॅडम येतील त्या दिवशी मी स्वतः त्यांच्यापुढे उभा राहीन आणि सांगेन, बाई, जे झालं ते माझ्या घरात झालं, माझ्या जावयाचा यात काही दोष नाही. मी पाटील आहे, कुणाच्या बापाला भीत नाही.

चेतनाला यातलं काही सांगू नका. ती आईवर गेली आहे.

तुमचा,
ईश्वर

ता. क. : पत्राचं खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. उदबत्तीनेच सगळं होतंय हे मी मंगलाबाईंना अजून सांगितलेलं नाही. आज सकाळीही ती वर जाऊन आली. इतक्या थंडीत, गुडघे दुखत असताना, तुमच्यासाठी जिना चढते; तिला कोणत्या तोंडाने सांगू की तूच त्याची नोकरी जाळते आहेस? यंत्राला भितो, मॅडमला भितो, पण हे सांगायला सगळ्यात जास्त भितो. जावयाचा शब्द ती मोडत नाही. तुम्ही सांगा. मऊ शब्दांत सांगा.

ता. क. दुसरा (शनिवार) : तुम्ही सांगायची गरज उरली नाही. पाकिटावर तुमचा पत्ता घालायला पत्र तिच्याकडे दिलं (पिनकोड तिला पाठ आहे) आणि तिने ते वाचलं. मग वर गेली आणि पदराने यंत्राचं कुंकू पुसलं. आज दिवा हिरवाच राहिला. खाली येऊन म्हणाली, "मॅडमसंगे मी बोलसू. चूक मन्ही शे, मन्हा जावईनी नही. तुम्हीन मधमा बोलानं नही." तेव्हा माझं उभं राहण्याचं रद्द समजावं. तसंही त्या दिवशी मला पुरुषोत्तमनगरला कारखान्यात उसाचं काम निघालं आहे. सकाळीच निघावं लागेल, आणि यायला उशीर होईल.

ता. क. तिसरा : मंगलाबाई विचारते आहे, ते उलट टपाली कळवावं. मॅडम पहिल्यांदाच घरी येणार, म्हणजे त्यांची ओटी भरावी लागेल. खण-नारळ तिने आणून ठेवलाय. ओटी चौकशीच्या आधी भरली तर ती लाच धरतात का? आणि आधी दिवा लावून ओवाळलेलं चालेल ना?