पैठणीच्या घडीतला कागद

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावर चिडून बसलेय. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय. आत तुझी नात आहे. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती, तुझ्या पदराला लोंबकळायची. आता बावीसची आहे, आणि उशीवरून मान उचलली तरी तिला धाप लागते. उद्या तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. ती वाचेल असं कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

तुला तो दिवस आठवतो का? मी पाचवीत होते. शाळेत डॉक्टर तपासायला आले, माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि एक चिठ्ठी दिली. घरी आले तर तू भाकरी थापतेयस. चिठ्ठी माझ्याकडूनच वाचून घेतलीस आणि पिठाच्या हातानं चुलीत सारलीस. "छातीत आवाज येतो म्हणं! कुणाला बोलायचं न्हाई बिलकुल. पोरीची जात हे, उद्या कोण करून घेईल तुला?" मग गरम भाकरीवर लोणी घालून मला जवळ बसवलंस. पुढं माझं लग्न झालं, बाळंतपण झालं, मला काहीच झालं नाही. त्यामुळं तू बराबर होतीस असंच मी धरून चालले.

लेकीला जालन्याला कॉलेजचा जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा तपासणी केली. हृदयाच्या त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, हिला जन्मापासून दोनच. डॉक्टर म्हणाले, लग्न करा, संसार होऊ द्या. फक्त दात काढायच्या आधी आणि ताप आला की हा कागद दाखवा, अशा झडपेवर जंतू लवकर बसतात. त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी मान हलवली आणि घरी येऊन तो कागद पैठणीच्या घडीत ठेवून दिला.

साखरपुडा झाला आणि आठच दिवसांत तिची दाढ ठणकायला लागली. भोकरदनला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. ती आत खुर्चीवर, कागद आई दाखवेल या भरवशावर, आणि बाहेर नावं लिहून घेणारी बाई मला विचारतेय, "पेशंटला दुसरा काही आजार?" ती बाई नेमकी नवऱ्यामुलाच्या भावकीतली. मी म्हटलं, "काही न्हाई, ठणठणीत हे." दाढ निघाली. पंधरा दिवसांनी ताप आला. तिला घरीच निजवून मी एकटी गावातल्या डॉक्टरकडं गेले, तिथं निम्मं गाव बसलेलं, मग तिथंही गप्प राहिले. गोळ्यांनी ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा चढायचा. असे तीन आठवडे गेले. इथं आणलं तेव्हा जंतूंनी झडप खाल्ली होती. पहिल्याच दिवशी रक्त तपासायला हवं होतं, असं इथले डॉक्टर म्हणाले.

काल नवऱ्यामुलाची आई भेटायला आली. वाटलं, सोयरीक मोडायलाच आली. ती माझ्याजवळ बसून रडायलाच लागली. "आमच्या थोरल्या सुनेला लग्नाआधीपासून फिट येतात. तिच्या आईनं सांगितलं, तरी केलीच ना आम्ही? एक डाव बोलायचं तरी, बाई." माय, ज्यांच्यापासून लपवलं ते लोक असे निघाले. मला त्यांचा राग आला गं, एवढे चांगले कशाला निघाले म्हणून.

आज सकाळी लेकीनं डोळे उघडले. "आई, तू दोन्ही डॉक्टरांना कागद दाखवला ना?"

"दाखवला."

"मंग तुझी काही चूक न्हाई," असं म्हणून तिनं माझा हात थोपटला आणि पुन्हा डोळे मिटले. उद्या तिला आत नेतील, आणि तिच्या कानावर माझा शेवटचा शब्द हाच असेल. अजूनही उठून खरं सांगता येईल. खोली दहा पावलांवर आहे. आणि मी इथं बसून तुला लिहितेय.

हे पत्र कुठं धाडू? तू असतीस तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुझ्यावर चिडलेय म्हटलं, ते खोटं. तुला वाचता येत नव्हतं, माय. मला येत होतं.