आकाश निरभ्र, रात्री सव्वाआठ

५ सप्टेंबर, गुरुवार
शिक्षक दिन. तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार बंकट सरांना. उपक्रम काय, तर खडे मोजून गणित. मी वीस वर्षे विज्ञान शिकवतोय, एकही खडा लागला नाही, म्हणून मागे राहिलो. संगीता म्हणाली, तुम्ही अर्जच केला नव्हता. बायकोला बारकावे फार.
निश्चय: पुढचा पुरस्कार माझा. उपक्रमही ठरला. सातवीच्या मुलांनी महिनाभर रोज चंद्र पाहायचा, वहीत आकार काढायचा, तारीख-वेळ टाकायची. नाव 'आकाश आपल्या अंगणात'. खर्च शून्य. चंद्र सरकारी.

६ सप्टेंबर, शुक्रवार
वर्गात घोषणा केली. मुलांना नमुना म्हणून माझी स्वतःची वही ठेवणार. खाकी कव्हर घातले, लेबल चिकटवले, सुवाच्य अक्षरात नाव घातले. यात साडेआठ वाजले. बाहेर गेलो तर चंद्र मावळलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून कोर काढली. छान आली. खऱ्यापेक्षा नीट असावी.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी
आरती चालू असतानाच शाळा समितीचे अध्यक्ष धोंडीराम दारात. म्हणाले, "सर, चतुर्थीचा चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो. आन् तुमी लेकरांला कावून बघाया लावता?"
विज्ञाननिष्ठा दाखवायला तोंड उघडले होते. पण पुरस्काराच्या प्रस्तावावर अध्यक्षांची सही लागते. ग्रुपवर मेसेज टाकला: आज बघू नका, नुसता काढा. धोंडीराम खूश, विज्ञानही खूश. मोदक खाऊन गेले.

९ सप्टेंबर, सोमवार
मुलांनी विचारले, न बघता काढलेला एक दिवस चालतो, तर रोज का चालत न्हाई? ठणकावून सांगितले, मुळीच चालणार नाही, निरीक्षण हाच विज्ञानाचा पाया. घरी येऊन राहिलेले दोन दिवस कॅलेंडरवरून काढले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
चार दिवस आभाळ गच्च. तरी सत्तावीसपैकी सव्वीस वह्यांत चंद्र ठसठशीत, रोज थोडा वाढलेला. मुले तयार होत आहेत.
एकीने मात्र घाण केली. शिवांजली, किराणा दुकानवाल्या बसवेशअप्पांची. चारही पानांवर एकच ओळ: ढग. दिसला न्हाई. समजावले, अशा रिकाम्या पानांनी रेकॉर्ड खराब दिसते, बाकीच्यांचे बघ. म्हणाली, "पण दिसलाच न्हाई सर. ओट्यावर बसून वाट बघितली की." हट्टी आहे. लाल पेनाने शेरा दिला: पुन्हा करा.

१७ सप्टेंबर, मंगळवार
मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करून घरी आलो आणि एका बैठकीत नमुना वही संपवली. थेट ३ ऑक्टोबरपर्यंत. सगळीकडे एकच नोंद: रा. ८.१५, आकाश निरभ्र. संगीताने विचारले, पुढचे आभाळ तुम्हाला आत्ताच कसे कळले? तिला शाळेचे कामकाज माहीत नाही. रोजच्या पाठांची टाचण वही मी जूनमध्येच दिवाळीपर्यंत लिहितो. वीस वर्षांत कुणाची हरकत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
केजहून, तालुक्याच्या ऑफिसातून निरोप. शिक्षण विस्तार अधिकारी शेटे मॅडम उद्या उपक्रम पाहायला येणार. त्यांची शिफारस म्हणजे पुरस्कार अर्धा खिशात.
नेमकी आजच शिवांजलीची नोंद: सकाळी दहा, परिपाठाला, अर्धा चंद्र दिसला, शाळेच्या पत्र्यावर. लाल शेरा: अशक्य. चंद्र रात्री असतो. वही कपाटात ठेवून कुलूप घातले.
उद्या सत्काराच्या गडबडीत लिहिणे होणार नाही. उद्याची नोंद आत्ताच लिहून ठेवतो.

२५ सप्टेंबर, बुधवार
मॅडम प्रसन्न. नमुना वही पाहून थक्क. माझे भाषण प्रभावी झाले. धोंडीरामांनी शाल दिली.

२५ सप्टेंबर, बुधवार, सायंकाळी
वरची नोंद रद्द.
मॅडम पावणेदहालाच आल्या. नमुना वही चाळली. शेवटपर्यंत चाळली. म्हणाल्या, सर, आज पंचवीस तारीख ना? मग शनिवारचा चंद्र तुम्ही कधी पाहिला? मी म्हणालो, ते नियोजन आहे. म्हणाल्या, बरं, पण काल सव्वाआठला चंद्र कुठून आणला? तो मध्यरात्री उगवतो.
वह्या मागवल्या. एक कमी भरली. शिवांजली उभी राहिली. "माजी वही सरांच्या कपाटात हाय."
किल्ली सापडत नाही म्हणालो. ती माझ्या गळ्यात होती, मॅडमनी बोट दाखवले.
मॅडमनी तिची वही पानन् पान वाचली. माझे दोन्ही शेरे वाचले. मग सगळ्या वर्गाला अंगणात नेले. पत्र्यावर, तिने लिहिले होते तिथेच, अर्धा चंद्र. फिकट, पण होता. मॅडमनी मला विचारले, हे काय आहे? मी म्हणालो, ढगाचा तुकडा असेल.
मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. फार लाज वाटली.
चतुर्थीचा चंद्र मी पाहिलासुद्धा नव्हता. आळ तरी आलाच.

२६ सप्टेंबर, गुरुवार
लेखी आदेश. शिवांजलीची वही बीडच्या विज्ञान प्रदर्शनाला. माझा प्रस्ताव परत. मी महिनाभर नवी वही ठेवायची आणि ती रोज शिवांजलीने तपासायची.
शांतपणे विचार केला. मॅडमना काय आवडले? ढग. हे आधी कुणी सांगितले असते तर.

२९ सप्टेंबर, रविवार
नवी वही सुरू. पहाटेची कोर पाहायची आहे, पण पाचला उठणे प्रकृतीला मानवत नाही. उद्यापासून आठ दिवसांच्या नोंदी आजच केल्या. सगळीकडे: ढग. दिसला नाही. या वेळी प्रामाणिकपणा पानोपानी दिसतो.

३० सप्टेंबर, सोमवार
परिपाठानंतर वही शिवांजलीकडे दिली. तिने आजचे पान पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "सर, पहाटं आभाळ लई साफ होतं. बारीक कोर होती, अप्पांनी बी बघितली. तुमी उठलाच न्हाईत का?"
तिने पुढची पाने उलटली नाहीत. ते तिचे उपकार.
मग माझ्याच खिशातले लाल पेन मागितले आणि पानाखाली, अगदी माझ्यासारख्या वळणाने लिहिले: पुन्हा करा.