सात नंबरची खुर्ची

कोथरूड, पुणे
११ ऑक्टोबर २००९

प्रिय सत्यशीला,

सप्रेम नमस्कार. छत्तीस वर्षांनी माझं अक्षर पाहून चष्मा पुसशील. पूस आणि वाच. मी बरी आहे, म्हणजे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. सोलापुरात उकाडा कमी झाला का?

आधी आनंदाची बातमी. माझी भाची उत्कर्षा खराडीच्या कंपनीत मॅनेजर म्हणून कायम झाली. वय सत्तावीस! नेतृत्व शिकवायला कंपनीने तिला मुळशीच्या रिसॉर्टवर नेऊन पिंपांचा तराफा बांधायला लावला. तराफा बुडाला, बाईसाहेब शिंकत घरी आल्या. याला म्हणे ट्रेनिंग! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला सुपरवायझर केलं तेव्हा कोणी पिंप दिलं होतं? एक हेडफोन दिला आणि तुम्हा बारा जणींच्या पाठीमागे उभं केलं.

मागच्या महिन्यात तिच्या टीममधल्या श्रद्धाने चुकीचा प्रोग्रॅम चढवला आणि लंडनच्या गिऱ्हाइकाची दुकानं चार तास ठप्प झाली. पोरीने स्वतःच फोन करून सांगितलं. शनिवार होता, उत्कर्षा माझ्याकडे जेवत होती. पानावरूनच तिने लंडनला फोन लावला. तिकडचा साहेब गरजला, "कोणी केलं हे?"

ही शांतपणे म्हणाली, "मी. तपासून सोडायचं काम माझं होतं."

फोन ठेवताच मी भडकले. "गाढवे, कायम व्हायला पंधरा दिवस उरलेत! नाव सांगायला काय झालं होतं?"

"मावशी, आज नाव सांगितलं तर पुढच्या वेळी मला फोन कोण करेल?" आणि वर विचारते, "आमटी आहे का अजून?"

ती दोनदा आमटी प्यायली. मी भरल्या पानावरून उठले. पुढे त्याच साहेबाने कळवलं की पुढचं कामही हिच्याकडेच द्या. मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, लिफ्टवाल्याला दोन.

पानावरून का उठले, ते तुला सांगायला नको. तरी लिहिते. १९७३, त्या बड्या अधिकाऱ्याचा मुंबईचा ट्रंक कॉल. "तीन मिनिटं झाली, तोड," असं तुझ्या कानाशी मीच म्हणाले होते. नवा अधिकार अंगात आला होता. तक्रार आली, साहेबांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, "सात नंबरची ऑपरेटर." तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. आठवड्यात सोलापूरची बदली. दीड वर्षांची लेक सासूकडे ठेवून तू गेलीस आणि मी स्टेशनवरसुद्धा आले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी फर्ड्या इंग्रजीबरोबर खरं बोलणंही शिकवलं होतं. मी इंग्रजी तेवढं उचललं.

परवा आपल्या निवृत्त बायकांचा मेळावा झाला. तुळजाबाई नेहमीप्रमाणे तो किस्सा रंगवत होती, सत्यशीलेने बड्या साहेबाचा फोन कसा तोडला! मी उभी राहिले. "तिने नाही. मी तोडायला लावला, आणि नाव तिचं सांगितलं."

तुळजाबाईने भजं मोडून तोंडात टाकलं. "माहितेय की. तुझी कुजबुज चार खुर्च्यांपलीकडे जायची. म्हणून तर दरवर्षी सांगते. म्हटलं, बघू कधी उठतेय."

चाळीस बायका हसल्या. मीही हसले गं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकतीस वर्षं मिरवलं की माझ्या हाताखाली चूक होत नाही. चुका होत होत्या. मला कोणी सांगत नव्हतं.

भाऊबीज झाली की पंचवीस तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने मी सोलापूरला येतेय. लेक तिथे असेल तर तिलाही थांबव. तिची आई तिला सोडून का गेली, हे तिने माझ्या तोंडून ऐकायला हवं.

लोभ असावा, हे मात्र इथे लिहीत नाही. ते समोर बसून मागेन.

चंद्रभागा