सही न केलेली बाई

१५ नोव्हें. ९७, शनिवार, कॉव्हेंट्री
मीनल, नॉटिंगहॅमहून येऊन हे वाचशील तोवर आपण कुणाबद्दल बोलत होतो तेही विसरलेली असशील. फोन करायला विसरतेस, आणि केलास की कशाला केला ते विसरतेस. म्हणून आजी बोलते, तुझी आई सुनंदा लिहिते.
तर तुझ्या आईचे हात. पुन्हा फोड, बोटांच्या बेचक्यात कातडी सोललीय. जिना चढली की छातीत शिट्टी वाजते. फॅक्टरीत पार्ट पुसायला ते नवं औषध आलं तेव्हापासून. ड्रमवर नाव नाही, नुसता नंबर. कुठला गं नंबर, लिही, म्हटलं तर पेन थांबलं.
"आई, हे नको. बाहेर बोलायचं नाही अशी सही केलीय मी."
बरं बाई. नको.

२० नोव्हें., गुरु.
हॉस्पिटल. दोन तास बाकावर. डॉक्टरीण चांगली आहे, पण ती तरी काय करणार? कंपनीला पत्र लिहून विचारलं तिनं, ड्रममध्ये काय आहे. उत्तर आलं, ट्रेड सीक्रेट. तीन मलमं झाली, आज चौथं. पडेल लागू तर पडेल.
बाहेर सुनंदाच्याच शेडमधली पंजाबी बाई बसली होती. तिचेही हात तसलेच. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, बोलल्या नाहीत. तिनंही सही केली असणार.
गुपित कंपनीचं, मलम सरकारचं.
(सुनंदा म्हणते बोट दुखतंय, पुरे.)

२२ नोव्हें., शनि.
आज विलास लिहितोय. माझा लेक, तुझा बाप, आठवडाभर ब्रॅकनेलला कंप्युटरच्या कामावर, शनिवारी घरी. त्यानं रेडिओवर ऐकलं, कंपनीचं गुपित बाहेर नेलं तर गुन्हा धरायचा असा कायदा आणायचं चाललंय. "हवाच कायदा, आई. आमच्यातला एकजण आख्खा प्रोग्रॅम घेऊन दुसरीकडे गेला." असेल. त्या प्रोग्रॅमनं कुणाच्या बायकोचं कातडं सोललं का रे?
(मी पुढेही बोललो होतो. — वि.)
बोललास. "पण" म्हणालास. मग चहा प्यायलास.

२९ नोव्हें., शनि.
परवाचं सांगते. बुधवारी सुनंदा कामावरून आली, सवयीनं ऍप्रन मशीनमध्ये टाकायला निघाली. मी काढून घेतला, पिशवीत घालून गाठ मारली. वास असा की डोळ्यांत पाणी. गुरुवारी तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरणीच्या टेबलावर पिशवी ठेवली.
"अहो आई! नोकरी जाईल माझी!"
म्हटलं, सही तू केलीस. तुझ्या नवऱ्यानं त्याच्या हापिसात केलीय. मला कुणी अंगठासुद्धा मागितला नाही.
डॉक्टरणीनं सुनंदाला विचारलं, पाठवू का तपासायला?  सुनंदानं हो म्हणून मान हलवली.
इथे विलासचं पेन थांबलं. "आई, ऍप्रन कंपनीचा आहे." आहे ना. हात कुणाचे? लिही.

६ डिसें., शनि.
रिपोर्ट नाही आला. सुपरवायझरनं सुनंदाला विचारलं, तुझा एक ऍप्रन कमी कसा? घरी राहिला म्हणाली. सोमवारी ऑफिसात बोलावलंय. घरी आली ती कोट अंगात तसाच, जिन्यावर बसून राहिली.
"तुम्ही मला आधी विचारलं नाहीत, आई."
नाही विचारलं. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.
"हो. म्हणाले असते."
विलास म्हणतो, मुकाट माफी माग. ती पंजाबी बाई फोनवर म्हणाली, मीही येते तुझ्याबरोबर, माझे हात दाखवते. मग तिच्या नवऱ्यानं तिच्या हातून फोन काढून घेतला. सुनंदानं अजून कुणालाच उत्तर दिलं नाही. मीही विचारत नाही. थकले.
मीनल, एवढं विलास तुला आजच फोनवर वाचून दाखवेल: उद्या तुझी मैत्रीण इकडे यायचीय ना, तिच्याबरोबर साबुदाण्याची खिचडी पाठव. पोळी-भाजी नको, तुझ्या आईला घास मोडता येत नाही. चमच्यानं खाईल. मिरची अजिबात नको, आणि लिंबू पिळू नकोस, भेगांत झोंबतं.