अंगठ्याचं हाड

४ डिसेंबर १९३६, बारामती
डॉ. लिमये पुण्याहून आले. सोबत कोऱ्या कागदांचा गठ्ठा. सकाळीच पिंपळीला गेलो. उसात खुरपणाऱ्या बायकांचे पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. पाय मी धरायचा, रेघ त्यांनी काढायची. सगळ्या अनवाणी, बोटं ऐसपैस पसरलेली. एकीचाही अंगठा आत वळलेला नाही. डॉ. खूश. त्यांना हेच शोधायचं आहे की अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढून बोट तिरपं होतं ते बुटांनी, की आईबापांकडून येतं.
परतताना त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "बाई, तुम्हालाही आहे की." म्हटलं, नर्सिंग शिकताना टोकदार बूट सक्तीचे होते. "आईला होतं?" होतं. आणि आईनं जन्मात बूट पाहिले नाहीत. ते नुसतं 'हं' म्हणाले.
आईचे पाय दिवसभर डोळ्यांपुढे. चुलीपाशी बसली की अंगठा हातानं ओढून सरळ करायची.

१२ डिसेंबर
वडगाव निंबाळकरच्या तात्यांचं ऑपरेशन. जर्मन लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला होते. लष्करी बूट घालून अंगठा दुसऱ्या बोटावर चढलेला. डॉ. म्हणाले, याला इंग्रजीत बनियन म्हणतात. तात्या गंभीरपणे म्हणाले, "बन्यान अंगात घालत्यात न्हवं? पायात कुठनं आलं?" मला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी हसले.
क्लोरोफॉर्म मी दिला. डॉ.नी वाढलेलं हाड छिन्नीनं काढलं, सांध्यातलाही थोडा भाग. अंगठा सरळ बसला. कसा राहतो ते आता बघायचं.

२० डिसेंबर
डॉ. म्हणतात, आता इंदापूर. मुलींची शाळा. "तुम्ही चलाच. माझ्यासमोर मुली पाय पुढं करायच्या नाहीत." बघते म्हटलं.
काय बघते? इंदापूर नाव निघालं की हातातलं काम सुचत नाही. सुमन तिथंच शिकते. हे गेले तेव्हा ती पाळण्यात. मी शिकायला जाते म्हटल्यावर भावोजी म्हणाले, "जा. मुलगी इथंच राहील. आणि तिला आई आहे असं आम्ही सांगणार नाही." मला वाटलं, शिकून आले की घेऊन जाईन. आले, तर ती वहिनींच्या, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, कडेवरून उतरेना. वहिनींना मूल नाही. त्यांनी तिला जीव लावला, तेही खोटं नाही. तशीच परत फिरले.
बारामतीच्या दवाखान्यातली नोकरी मागून घेतली ती एवढ्यासाठीच. इथून मोटारीनं जाता येतं. गेले मात्र एकदाही नाही.

७ जानेवारी १९३७
गेले.
शाळेच्या ओसरीवर मुली रांगेनं बसल्या होत्या. मास्तरीणबाई एकेकीचं नाव घेत होत्या. नाव घेतलं नसतं तरी ओळखलं असतं. कपाळ ह्यांचं. चालते थेट आईसारखी, माझ्या आईसारखी.
पाय माझ्या हातात दिला. गार, धुळीनं भरलेला. "गुदगुल्या होतात," म्हणून हसली. एक दात किंचित पुढे आहे. हे मला माहीत नव्हतं.
आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड. त्या वयात, बुटांच्या कितीतरी आधी, माझं होतं तसंच.
डॉ. एकदम सावध. "बूट घालतेस का गं?" नाही म्हणाली. घरात कुणीच घालत नाही. "आईचा पाय असाच आहे?"
"आई नाही. मी लहान असताना गेली."
गेली. वहिनींनी एवढंच सांगितलं असेल? गेली म्हणजे कुठं, हे तिनं कधी विचारलं नसेल?
डॉ.ची रेघ पुरी झाली तरी माझ्या लक्षात आलं नाही. "बाई, झालं. सोडा पाय."
मोटारीत ते सारखं म्हणत होते, "बूट नाहीत आणि हाड आहे. हिची आई बघायला मिळायला हवी होती." मी पाय बाकाखाली ओढून घेतले. भिगवणकडे वळणारा फाटा मागं पडेपर्यंत बाहेरच बघत होते.

१४ जानेवारी
संक्रांत. हलवा केला. कुणासाठी, हे विचारणारं घरी कोणी नाही. उरला तो बाळंतिणींच्या खोलीत वाटला.
तात्या दाखवायला आले. "दुखणं गेलं, बाई. पर अंगठ्यात जोर न्हाय. चिखलात पाय रुतला की निघत न्हाय." डॉ.नी त्यांना अंगणात फिरवून पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. मग मला म्हणाले, "दिसायला झकास. पण पाऊल टाकताना जिथं भार द्यायचा तेच आपण काढून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला चालेल. वाढत्या वयात या हाडाला हात लावायचा नाही."
इंदापूरच्या त्या मुलीच्या घरी हे कळवायला हवं म्हणाले. मी तात्यांना चपला आणून दिल्या.

२६ जानेवारी

दुपारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर वहिनी. शेजारी सुमन. वहिनींचे केस पांढरे झालेत. मला पाहून उठल्या, परत बसल्या. "तू इथं असतेस?"
"हो, वहिनी."
सुमनसमोर पुढचं नको, म्हणून दोघींना डॉ.कडे आत नेलं.
डॉ.ना त्यांनी सांगितलं, मुलीचं लग्न बघतोय. एका ठिकाणी चालून दाखव म्हणाले, पाय पाहिला आणि नकार कळवला. शाळेत पाय बघून गेलेले डॉक्टर बारामतीला ऑपरेशन करतात असं ऐकलं. "तेवढं हाड काढून द्या. नाही तर सोलापूरला एक डॉक्टर तयार आहेत."
डॉ. नको म्हणाले. का ते समजावलं. वहिनींचं एकच, "दिसायला सरळ होतो ना? झालं तर मग."
मग माझ्याच्यानं राहवेना. चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवला, सुमनच्या पायाशेजारी. "वहिनी, हा बघा. असाच आहे. या पायानं मी रोज गावोगाव हिंडते, अडलेल्या बायका सोडवते. दुखतो. पण माझं ओझं पेलतो. तिचा कापू नका."
डॉ.नी एकदा तिच्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्या. चष्मा पुसत बाहेर गेले.
सुमन दोन्ही पायांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?"
मिठाच्या कोमट पाण्यात ठेवते म्हटलं. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे कापडाची घडी कशी बसवायची ते दाखवलं. तिनं लगेच स्वतः बसवून पाहिली. नीट बसली. "पुन्हा दाखवायला येऊ?"
मी वहिनींकडे पाहिलं. "बघू," म्हणाल्या. तिचा हात धरून उठल्या.

२ फेब्रुवारी
काही कळलं नाही. सोलापूरला नेली असेल का? डॉ. म्हणाले, मी इंदापूरला जाऊन मुलीच्या घरच्यांशी बोलू का. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. नको म्हटलं. मग वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

९ फेब्रुवारी
सकाळच्या मोटारीनं वहिनी आल्या. एकट्या.
सोलापूरला नेलं नाही. त्यासाठी भावोजींशी भांडल्या. मी पाणी दिलं. पेला हातातच धरून बसल्या.
"ती विचारते, त्या बाईंचा पाय माझ्यासारखा का? मी म्हटलं, बूट घालून होतो तसा. तर म्हणते, काकू, मी कुठं बूट घातले?"
"मग?"
"मग काय. उठून चुलीकडे गेले." पदरानं तोंड पुसलं. "रमा, ती मला काकू म्हणते. मी कधी आई म्हणवून घेतलं नाही. तेवढं तुझं ठेवलं होतं. आता मी सांगू, की तू सांगतेस? आणि सांगितल्यावर ती कुणाची, हे पण आत्ताच ठरव. मला मग रोज रोज नको."
इतकी वर्षं मनात किती वाक्यं जुळवली होती. चहा ठेवते म्हणून आत आले. आधण उतू गेलं. पुन्हा ठेवलं आहे.
वहिनी बाहेर बसल्या आहेत. इंदापूरची मोटार दुपारी आहे. त्यांनी आताच हाक मारली. वही मिटून जाते, सांगेन मीच.