राखणीचा कुत्रा दारात

१७ एप्रिल

तिसरं कोकरू गेलं! सकाळी नऊला, लख्ख उन्हात. कोयोटांनी, इथल्या रानकोल्ह्यांनी, नेलं. आणि आमचा राखणीचा कुत्रा कुठे? स्वयंपाकघराच्या दारात, पंजांवर हनुवटी टेकवून!

बाबा ओरडले नाहीत. भिंतीवरचा लोखंडी सापळा उतरवला, तेल घातलं, परत टांगला. "सान इसिद्रोच्या, आपल्या शेतकऱ्यांच्या संताच्या, सणापर्यंत थांबतो. पंधरा मे. मग सापळे लावणार. आणि हा कुत्रा..." बंदुकीकडे पाहिलं.

सापळे नकोत, कुत्रा पाळू, हा हट्ट माझाच. चार वर्षं विद्यापीठात हेच शिकले. घरातली पहिली पदवी, आणि तिची ही शोभा!

१९ एप्रिल

नियम पुन्हा सांगितले. त्याला कुरवाळायचं नाही, दारात खायला घालायचं नाही, नाव ठेवायचं नाही. माणसांचा लळा लागला की मेंढ्या सोडतो. कोणीतरी लाड करतंय, नक्की!

आमचा गडी एलॉयदादा म्हणतो, "बाईसाहेब, तुमचा पहारेकरी टॉर्टिया मागतोय. पगारात धरायचा का?"

सगळे हसले. बाबा सोडून.

२४ एप्रिल

दुर्बिणीतून सगळं पाहिलं. ओढ्यापलीकडून कोयोट आला – नर, एकटा. कुत्र्यासमोर पुढचे पाय टेकून वाकला, खेळायला बोलवावं तसा. कुत्रा दोन पावलं पुढे गेला, थबकला, वळला आणि तडक घराकडे धावत आला! तेवढ्यात मागच्या झुडपातून मादी. चौथं कोकरू.

मी किंचाळत पळाले. काय उपयोग?

२५ एप्रिल

आईवर आवाज चढवला. "तूच त्याला उरलंसुरलं घालतेस!" तिने घेवड्याचं पातेलं खाली ठेवलं. लाज वाटते.

३ मे

पाचवं.

राजधानीहून नोकरीचं पत्र आलं. एक जूनला हजर व्हा. काम काय – मेंढपाळांना कोयोट न मारता कळप राखायला शिकवणे! मी?

९ मे

आज स्वतः मेंढ्यांमागे गेले. दोन्ही कोयोट आले. आणि हा, हाच दारातला कुत्रा, माझ्यापुढे येऊन उभा राहिला! पाठीचे केस ताठ. नर वाकला, नाचला. हा हलला नाही. नर जवळ आला तशी झडप. याचा कान फाटला, पण दोघांना ओढ्यापार हाकललं. मग येऊन माझ्या पायावर बसला.

बाबा टेकाडावरून बघत होते. "कुत्र्यात खोट नाही, पोरी. त्याची मेंढी तू आहेस."

"मी? मी तर त्याला हातसुद्धा लावत नाही!"

"दारात कधीपासून बसतो? तू डिसेंबरात परत आलीस तेव्हापासून. पिल्लू होता तेव्हा त्याच्या खोक्यात काय घातलंस?"

आठवलं. मेंढ्यांच्या वासाची सवय लागावी म्हणून बाबांनी खोक्यात न धुतलेली लोकर अंथरली होती. घाण वास, गोचिड्या. मी सुट्टीत आले होते – ती फेकून दिली आणि माझा विद्यापीठाचा स्वेटर घातला. स्वच्छ म्हणून! अजून त्यावरच झोपतो.

लाड मीच केले. आईची माफी मागितली. "आधी जेव," म्हणाली.

१४ मे

उद्या सण. सापळे अंगणात काढून ठेवलेत. स्वेटर जाळून टाकणार होते. खोक्यात नाही. कुठेच नाही!

१५ मे

स्वेटर सापडला. बाबांनी कळपापुढच्या म्हाताऱ्या, घंटेवाल्या बोकडाला घातलाय. बाह्या गुडघ्यापर्यंत, छातीवर विद्यापीठाचं नाव! मिरवणुकीहून परतलो तरी कुत्रा बोकडाच्या मागेच. कोकरं पुरी आहेत. बाबांनी सापळे परत भिंतीवर टांगले.

दार मोकळं होतं. कुंपणापर्यंत गेले. त्याने मान वर करून पाहिलं आणि मेंढ्यांकडे वळला. हाक मारावीशी वाटली. पण नाव मीच ठेवू दिलं नव्हतं.