भूल देणाऱ्या बाईची जागा

३ फेब्रुवारी
दिला एकदाचा राजीनामा! अकरा वर्षं या सरकारी इस्पितळात भूल देणारी मी एकटी. नव्या खाजगी रुग्णालयात पगार तिप्पट, शिवाय दर ऑपरेशनमागे वेगळे. लेक साडेतीन वर्षांची झाली, तिला काहीच ऐकू येत नाही. कानात यंत्र बसवायला आणखी उशीर केला तर बोलणंही यायचं नाही. मग काय करू?

मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमच्या जागी कोण?"

"येईल कुणीतरी," म्हटलं. माझं मलाच खरं वाटलं नाही.

१८ ऑक्टोबर
यंत्र सुरू केलं. लेक दचकली, माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं. ऐकून रडली—ऐकून!

२ डिसेंबर
आज सहा गुडघे बदलले. त्यातल्या दोघांना ऑपरेशनची गरज नव्हती, असं वाटलं. बोलले तसं सर्जन म्हणाले, "मॅडम, तुम्ही भूल द्या, बाकीचं आमच्यावर सोडा."
दिली. माझेही पैसे सुटतातच ना.

९ मार्च
भाजी घेताना मोठ्या सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, परवा इस्पितळात एक पहिलटकरीण आली होती. बाळ आडवं. पोट उघडायला डॉक्टर तयार—भूल द्यायला कुणी नाही. गाडीत घालून मोठ्या शहरात पाठवली, दोन तासांची वाट. आई वाचली. बाळ गेलं.

"दुपारचे दोन वाजले होते हो, बाई. तुम्ही डबा खायच्या तेव्हा."

निघताना लेकीची चौकशी केली त्यांनी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ मार्च
ह्यांना सांगितलं, परत जाते. ह्यांनी भांडी विसळायला घेतली. मग, "आणि हिचे बोलण्याचे वर्ग?" भांडी विसळून झाल्यावर म्हणाले, "जा. शिकवण्या वाढवतो मी. भागवू."

तेवढ्यात लेक मागून आली, पदर ओढून म्हणाली, "आ—ई." आयुष्यात पहिल्यांदा! नाचायला हवं होतं. मी मोरीत जाऊन रडले.

१६ मार्च
अर्ज घेऊन गेले. कारकुनाने कागद उलटूनही पाहिला नाही. "मॅडम, ती जागा वर्षभर रिकामी राहिली. वरून रद्द झाली. आता इथे भूलतज्ज्ञाची जागाच नाही."